तिच्या ताटात जरा जास्त

मी बिडाची कढई बोलतेय. दचकू नका. दोन कान घेऊनच जन्माला आले, त्यामुळे ऐकू सगळं येतं, आणि तोंड तर माझं कायमच उघडं. इतके दिवस त्यातून शब्द फुटला नाही, एवढंच.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यातला. काळी ओलसर रेती चौकटीत ठोकून ठोकून बसवायची, तिच्यात कढईच्या आकाराची पोकळी ठेवायची आणि भट्टीतलं वितळलेलं बीड त्या पोकळीत ओतायचं. निवलं की रेतीचा साचा फोडायचा. मला उचललं ते एका म्हाताऱ्या ओताऱ्याने. त्याने माझ्या पोटावर हातोडीचा हलका ठोका दिला आणि मान तिरकी करून ऐकलं. आत भेग असली की आवाज बद्द येतो. माझा खणखणीत आला. शेजारच्या कढईचा बद्द आला, तिला पुन्हा भट्टीत टाकलं. मला तिचं वाईट वाटलं का? सांगता येत नाही. आम्हा बिडाच्या भांड्यांना सगळं उशिरा कळतं. तापतोही उशिरा आणि निवतोही उशिरा.

मग दुकान. तिथे माझ्या शेजारी पिसासारखे हलके, गुळगुळीत तव्यांचे आणि पॅनचे थर लागलेले असायचे. ते येत आणि जात. मला मात्र गिऱ्हाइकं नुसती उचलून बघत. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "ही स्वयंपाकाला घ्यायची की व्यायामाला?" दोघं हसले आणि पुढे गेले. अंगावर धूळ बसत राहिली. दुकानदार मधूनच फडकं मारायचा, तेही माझ्यापेक्षा फळीला जास्त लागायचं.

एक दिवस एक उंच, रुंद मनगटांची बाई आली. आयुष्यभर हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री केलेली. तिने मला एका हाताने उचललं, पालथं केलं, नखाने वाजवून पाहिलं.

"बिडाचीच ना नक्की? वरून नुसता रंग नाही ना?"

"अस्सल बीड, मावशी. तीन पिढ्या वापराल."

"तीन कशाला? आधी एक येऊ दे," ती म्हणाली.

दुकानदार हसला. ती हसली नाही. कापडी पिशवीत घालून तिने मला मांडीवर घेतलं आणि बसमधून तिच्या मुलाच्या घरी नेलं. त्या घरात तिची सून होती, म्हणून मी तिला सासूबाईच म्हणते.

मुलाचं घर चौथ्या मजल्यावर. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि तो राहायचा त्या इमारतीला लिफ्टच नव्हती. इमारतीत सगळे त्याला 'लिफ्टवाला' म्हणून हाक मारत आणि जिन्यात भेटला की हमखास तोच विनोद करत. तोही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा. स्वभावाने गरीब माणूस. खांदे जरा पुढे झुकलेले, हाताला ग्रीसचा वास.

सून दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. लोकांच्या हिरड्यांचे प्लास्टरचे साचे यायचे. त्यांवर मेण चढवायचं, एकेक दात बसवायचा, माणसाच्या वयाला आणि रंगाला शोभेल अशी दाताची छटा निवडायची, असं तिचं काम. फार पांढरा दात खोटा दिसतो, म्हणायची. घरी आली तरी तिच्या नखांत पांढरी भुकटी असायची. ती कमी बोलायची, पण तेव्हा बोलायची तरी.

स्वयंपाकघर अरुंद होतं. खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसत. दोन शेगड्या, घडीचं टेबल, तीन स्टूल. सासूबाईंनी मला धुतलं, आचेवर कोरडं केलं, तेल चोळलं आणि धूर निघेपर्यंत तापवलं. पुन्हा चोळलं, पुन्हा तापवलं. मी काळी कुळकुळीत झाले. मग पदर खोचून त्या म्हणाल्या, "आता दर रविवारी मी येणार. बघू कसं होत नाही ते."

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल होत नव्हतं. दवाखाना सुरू होता. एकदा सासूबाई बरोबर गेल्या होत्या, तेव्हा तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी काय खावं ते समजावलं होतं. सासूबाईंनी ते सगळं पाठ केलं होतं आणि कांदा चिरता चिरता त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायच्या. "गव्हाच्या पिठाचा पास्ता घ्या, मैद्याचा नको. कोंबडी घ्या, पालक घ्या, टोमॅटो, लसूण, वरून थोडे अक्रोड. साय-बीय फार नको. आणि हे बघा आजी, हे खाल्लं म्हणून मूल होतंच असं नाही हं. पण दोघांनीही नीट खाल्लं, तर दोघांच्या अंगात ताकद राहते."

इतकं सगळं त्यांना शब्दन्‌शब्द पाठ होतं. फक्त त्यातलं 'दोघांनीही' त्यांच्या कानात शिरलंच नव्हतं.

त्यांचा हात मात्र चांगला होता, हे मी सांगायला हवं. कोंबडीचे तुकडे फडक्याने टिपून कोरडे करायच्या. मी पुरेशी तापले का ते पाण्याचा थेंब टाकून बघायच्या. थेंब नाचला की तेल, मग तुकडे, एकमेकांना न चिकटवता. आणि मग हात लावायचा नाही. "घाई केली की चिकटतं. आपलं आपण सुटतं ते," असं म्हणायच्या. तुकडे खरंच आपले आपण सुटायचे, खालून सोनेरी होऊन. ते बाजूला काढून त्याच तेलात कांदा, लसूण, थोडी मिरपूड. मग टोमॅटो. टोमॅटो माझ्यात फार वेळ ठेवायचा नसतो, लोखंडाची चव उतरते. सासूबाईंना त्याचं काही नव्हतं. "उतरू दे. तेवढंच तिच्या पोटात जाईल." शेवटी पालक. ढीगभर पालक माझ्यात पडायचा आणि बघता बघता मूठभर व्हायचा. दुसऱ्या भांड्यात उकडलेला पास्ता, त्याच्याच पाण्याचा एक डाव, कोंबडीचे तुकडे, वर कुटलेले अक्रोड आणि लिंबू.

मग वाढणं. सुनेच्या ताटात डोंगर. मुलाच्या ताटात बेताचं. "त्याला काय, त्याला काहीही चालतं," म्हणायच्या. स्वतःच्या ताटात टोमॅटोचा लपका आणि पास्त्याच्या दोन नळ्या.

"खा गं. संपव. तुझ्यासाठीच केलंय."

सून खायची. सगळं खायची. ताट पुसून ठेवल्यासारखं करायची.

पहिल्याच रविवारी सासूबाई जिना उतरून गेल्यावर नवरा मला धुवायला उभा राहिला आणि नळ सुरू ठेवून म्हणाला, "आज सांगणार होतो मी."

"नको सांगूस," सून म्हणाली. ती टेबल पुसत होती.

"सगळं माझं आहे आणि खायला तुला घालतेय ती. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय. तुझ्यात काही नाही. जे आहे ते माझ्यात."

"मग? दोन घास जास्त गेले माझ्या पोटात, तर काय बिघडलं?"

"आई तुला दोष देतेय."

"दोष कुठे देतेय, जेवायला देतेय. तुझ्याबद्दल कळलं ना, तर ती तुझ्याकडे ज्या नजरेने बघेल ते मला बघवणार नाही. तुला वाढवलंय तिने एकटीने." तिने फडकं पिळलं. "माझी काही ती जन्मदाती नाही. मला नाही लागत."

त्याने पुन्हा घासणी उचलली. मला फार वेळ घासत राहिला, नको तितकं. त्याला सुटल्यासारखं वाटलं असावं आणि त्याची लाजही वाटली असावी. माणसांना दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मी त्या घरात शिकले.

असे रविवार येत गेले. फ्रिजच्या दारात अंड्यांशेजारी टेस्ट-ट्यूब बेबीच्या उपचारांची इंजेक्शनं आली. नवरा तिला संध्याकाळी घडीच्या टेबलापाशी उभं करून पोटावर सुई टोचायचा. आधी तिच्यापेक्षा तोच जास्त कळवळायचा. ती म्हणायची, "अरे टोच ना, लिफ्टमध्ये एवढ्या उंचावर लोंबकळतोस आणि याला घाबरतोस!" दोघंही हसायचे. पोटावर निळे डाग पडले. मग हसणं बंद झालं, सुई तेवढी राहिली.

पहिल्यांदा यश आलं नाही तेव्हा ती रडली. स्वयंपाकघरात, माझ्यासमोर, ओट्याला पाठ टेकून फरशीवर बसून. नवराही तिच्याशेजारी बसला. दुसऱ्या वेळी दुपार होती. ती लसूण सोलत होती. फोन वाजला, दवाखान्यातली नर्स होती. सुनेने फोन खांद्यात धरला, ऐकलं, "बरं. ठीक आहे. थँक्यू," म्हणाली आणि लसूण सोलत राहिली. हवा होता त्याच्या कितीतरी पट सोलला. नवरा आला तेव्हा पाकळ्यांचा ढीग पडला होता.

"फोन आला होता. नाही झालं," ती म्हणाली. 'आज दूध नाही आलं' म्हणावं तसं.

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकलाही नाही आणि त्यावर स्वतःचा हातही ठेवला नाही. थोड्या वेळाने त्याने तो काढून घेतला.

त्यानंतर तिच्यात काहीतरी बसलं. खाली बसलं, गाळासारखं. ती कामाला जायची, यायची, जेवायची. लॅबमधलं काही सांगणं बंद झालं. पूर्वी एखादी कवळी मनासारखी झाली की नवऱ्याला सांगायची, "आज एका आजोबांचं हसू करून दिलं." आता तो विचारायचा, "काय केलंस आज?" आणि ती म्हणायची, "दात."

एकदा तिने पाणी उकळायला ठेवलं आणि त्याच्यासमोर उभी राहिली. पाणी उकळलं, निम्मं झालं, आटलं. ती बघत होती. भांडं तडतडायला लागलं तेव्हा नवरा धावत आला. "अगं, दिसत नव्हतं का?"

"दिसत होतं," ती म्हणाली.

सासूबाईंना एवढंच दिसलं की सून वाळत चालली आहे. म्हणून त्यांनी वाढणं वाढवलं. कोंबडी जास्त, अक्रोड जास्त. त्यांच्या मायेला तळ नव्हता, आणि त्या मायेखाली सून दबत चालली होती. हे त्यांना कसं कळावं? त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी हे त्यांची बाजू घेऊन सांगते आहे. त्या दोन बस बदलून, गुडघे धरत चार मजले चढून यायच्या. वाईट बाई असं करत नाही.

मग तो रविवार आला.

बाहेर कडक ऊन होतं, खिडकीतून समोरच्या पाइपांवरून उन्हाची तिरीप आत येत होती. मी नुकतीच आचेवरून उतरले होते. आच बंद, पण मी तापलेलीच, कानसुद्धा. तिघं जेवायला बसली होती. सासूबाई वाढायला म्हणून मध्येच उठल्या, डाव माझ्यात घातला आणि सुनेच्या ताटाकडे बघत म्हणाल्या, "माझ्या हातात काय कमी पडतंय तेच कळत नाही बाई. एवढं घालतेय खायला. लहानपणीच हाडं नीट भरली नसतील तुझी. तुझ्या आईने लक्ष दिलं नसेल खाण्यापिण्याकडे. आता आपण कितीही घातलं तरी मुळातच..."

सुनेची आई ती शाळेत असताना वारली होती. आजारी होती, तरी अंथरुणातून उठून मुलीचा डबा भरायची. हे तिने नवऱ्याला फार पूर्वी याच स्वयंपाकघरात सांगितलं होतं, म्हणून मला माहीत. सासूबाईंनाही माहीत असावं. बोलण्याच्या भरात राहून गेलं.

नवऱ्याने घास तोंडात नेता नेता थांबवला आणि बायकोकडे पाहिलं. त्याला वाटलं असेल आता ती उठेल, बोलेल, निदान डोळ्यांत पाणी येईल. काहीच झालं नाही. तिने पास्त्याची एक नळी काट्याला लावली, तोंडात घातली, चावली, गिळली. दुसरी लावली.

ते बघून तो घाबरला. मी त्याचा चेहरा बघत होते. बायको रडली असती तर तो कदाचित गप्पच बसला असता, तिची समजूत काढली असती आणि रविवार निघून गेला असता. पण ती खात राहिली.

"आई," तो म्हणाला, "पुरे."

"काय पुरे? अरे मी तिच्या भल्यासाठी..."

त्याने हात लांब करून बायकोचं ताट स्वतःकडे ओढलं. "हे मला वाढायचं होतंस तू. पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे?"

"म्हणजे दोष माझ्यात आहे. तिच्यात काही नाही. तिच्या हाडांत नाही, तिच्या आईत नाही. डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. मूल होत नाहीये ते माझ्यामुळे." तो भरभर बोलत होता, अंगावरचं ओझं एकदम टाकल्यासारखा. "मला तोंड नव्हतं तुला सांगायला. ती म्हणाली नको सांगूस, आणि मला तेच हवं होतं. म्हणून नाही सांगितलं."

 सासूबाईंना काहीतरी धरायला हवं होतं. त्यांनी डाव सोडला आणि माझा कान धरला. फडकं न घेता, नुसत्या हाताने. मी तापलेली होते. मी काय करणार? मला हात मागे घेता येत नाही. त्यांनी धरून ठेवला. इस्त्रीने राबून राबून तळवे चामड्यासारखे झालेले, पण चामडंही भाजतं. वास आला. त्या मुलाकडे बघत होत्या आणि हात तसाच.

सून उठली. स्टूल पडलं. तिने सासूबाईंचं मनगट पकडून हात ओढून काढला आणि नळाखाली धरला. पाणी मोठं सोडलं.

"आई! हात बघा तुमचा!"

"कळलंच नाही गं," सासूबाई म्हणाल्या. तळव्यावर आडवा पांढरा पट्टा उठला होता, तो लाल होत चालला होता.

"होतं असं," सून म्हणाली. "मलाही बरेच दिवस काही कळत नाहीये."

पाणी वाहत राहिलं. दोघी नळापाशी एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. नवरा दोन ताटं पुढ्यात घेऊन बसला होता, एकातलंही खात नव्हता.

पुष्कळ वेळाने सासूबाई स्टुलावर बसल्या. हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं. त्यांनी मुलाला काही विचारलं नाही. सुनेला म्हणाल्या, "म्हणजे तू नुसती खात बसलीस. आणि मी वाढत बसले."

सुनेने पडलेलं स्टूल उचलून ठेवलं.

"तुला आवडतो तरी का गं हा पास्ता?"

सुनेने विचार केला. खरोखर विचार केला, मी बघितलं.

"माहीत नाही, आई," ती म्हणाली.

त्यानंतर सासूबाई बरेच रविवार आल्या नाहीत. फोन करायच्या, हात बरा आहे म्हणायच्या. मुलगा जाऊन भेटून यायचा. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, त्यांचं स्वयंपाकघर वेगळं. मुलाने आता स्वतः पास्ता करायला घेतला. आईची घाई न करण्याची शिस्त त्याच्यात नव्हती. तुकडे सुटायच्या आधीच उचकटायचा, निम्मं माझ्या बुडाला राहायचं. पण करायचा. दोन ताटं सारखी वाढायचा. सिगारेट सोडली, संध्याकाळी चालायला जाऊ लागला. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलेलं 'दोघांनीही' त्याने आता एकट्याने मनावर घेतलं होतं. बायको त्याच्यासमोर बसून तिच्या वाटणीचं खायची.

तिसऱ्यांदा प्रयत्न झाला, तोही फसला. त्या वेळी ते दवाखान्यातून एकत्र आले. चपला काढल्या. नवऱ्याने पाणी भरलं, दोन पेले. टेबलापाशी बसले.

"थांबू या?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला.

एवढंच. एवढ्या वर्षांचं दोन शब्दांत मिटलं. फ्रिजच्या दारातली जागा रिकामी झाली, तिथे कुणी काही ठेवलं नाही.

मला सिंकच्या खाली, बादलीशेजारी सरकवलं. कुणी मुद्दाम नाही, हाताला लागले म्हणून. पास्ता झाला नाही, काहीच झालं नाही. ते ब्रेड खायचे, अंडी उकडायचे. तिथे खाली एक पाइप ठिबकायचा. माझ्या पोटात पाणी साठलं. आधी तांबूस डाग पडले, मग गंज चढला. अंधारात त्यांचे पाय दिसायचे. तिचे पाय ओट्यापाशी येऊन उभे राहायचे आणि कशासाठी आलो ते विसरल्यासारखे परत जायचे. मला दुःख झालं म्हणाले तर ते खोटं होईल. मी गंजत होते. ती बाहेर, मी आत, दोघी सारख्याच.

मग एका दुपारी जिन्यावर ओळखीचा श्वास ऐकू आला, मजल्यामजल्याला थांबत येणारा. सासूबाई. आत आल्या, पिशवी ठेवली, पाणी प्यायल्या. काहीतरी शोधायला वाकल्या आणि मी सापडले.

"अगं, हिचे काय हाल केलेत हे!"

सून दारात उभी होती. "राहून गेलं, आई."

"असू दे. जात नाही ती एवढ्याने."

त्यांनी जाड मीठ घातलं आणि अर्धा बटाटा घेऊन घासायला बसल्या. तळव्यावरचा डाग आता गुलाबी, गुळगुळीत झाला होता. त्या हाताने जोर लागत नव्हता. थोडा वेळ बघून सून पुढे आली, दुसरा अर्धा बटाटा घेतला आणि समोर बसली. दोघी मला मध्ये ठेवून घासत होत्या. मीठ तांबडं होत होतं. 

बऱ्याच वेळाने सासूबाई खाली बघूनच म्हणाल्या, "तुझ्या आईबद्दल बोलले मी. ते बोलायला नको होतं."

"हं," सून म्हणाली.

क्षमा केली असं ती म्हणाली नाही, आणि सासूबाईंनी मागितलीही नाही. घासत राहिल्या.

मला तेल लागलं, आच लागली. सासूबाईंनी येताना कोंबडी आणली होती, सवयीने. पास्ता झाला. नवरा कामावरून आला, आईला बघून दारातच थांबला. मग हात धुऊन स्टूल ओढून बसला. सासूबाईंनी त्याला वाढलं, स्वतःला वाढलं. डाव घेऊन सुनेच्या ताटापाशी आल्या आणि थांबल्या.

"वाढू का गं तुला?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "भूक नाही मला."

मला वाटलं आता म्हणतील, थोडं तरी खा, माझ्यासाठी खा, दोन घास. सासूबाईंच्या ओठांपर्यंत ते आलंही होतं. त्यांनी डाव परत माझ्यात ठेवला.

"बरं," म्हणाल्या.

ते दोघं जेवले. सून रिकाम्या ताटासमोर हात मांडीवर ठेवून बसली होती. नवरा लॅबमधलं काही विचारत नव्हता, सासूबाई बसमधल्या गर्दीचं काहीतरी सांगत होत्या. बोलणं चाललं असताना सुनेचा हात मांडीवरून उठला, नवऱ्याच्या ताटापर्यंत गेला आणि त्यातला कोंबडीचा एक करपलेला तुकडा बोटांनी उचलून तिने तोंडात टाकला. तिचं तिच्याही लक्षात आलं नसावं. त्या दोघांच्या आलं.  सासूबाई बसचं पुढे सांगत राहिल्या.

त्यांना मूल झालं नाही, हे सांगून टाकते. पुढे होणार आहे का, ते मला ठाऊक नाही. तिच्यात बसलेला गाळ अजून हललेला दिसत नाही. काही दिवस ती बोलते, काही दिवस नुसती असते. सासूबाई कधी येतात, कधी नाही. नवऱ्याला आता तुकडे आपले आपण सुटेपर्यंत थांबता येतं. बाकी विशेष असं काही नाही.

मी भांडं आहे, मला लोकांना शहाणपण शिकवायचा अधिकार नाही. पण तुमच्याही घरी कुणाच्या ताटात जरा जास्त पडत असेल, तिच्या भल्यासाठी, मायेने, तर हात आवरता घेऊन एकदा विचारा. आणि ती नको म्हणाली, तर तिला नको म्हणू द्या.

आज ओट्यापाशी तीच आहे. लसूण मोजकाच सोलला आहे. काय करणार आहे कोण जाणे, कोंबडी तर दिसत नाही. काडी ओढल्याचा आवाज आला. आता थांबते. एकदा तापले की मला बोलता येत नाही.